ताप उतरला, मग आतडं कशाला तपासायचं?

ताई, नमस्कार.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर झालेले. श्रावणात त्यांना बारीक ताप सुरू झाला. जवळच्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून गोळ्या दिल्या. ताप जायचा, चार दिवसांनी परत यायचा. महिनाभरात कपडे सैल व्हायला लागले. एका रात्री थंडी वाजून एवढा ताप चढला की ते असंबद्ध बोलायला लागले, मला जाऊबाईंच्या नावानं हाका मारत होते. भरती केलं तेव्हा वरचं बीपी ८० होतं. आयसीयूतले डॉक्टर म्हणाले, सेप्सिस आहे. पाच दिवस आमच्या घरात चूल नीट पेटली नाही.

मग रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस नावाचा जंतू निघाला आणि इकोमध्ये हृदयाच्या झडपेवर जंतूंचा पुंजका दिसला. आता बाबा घरी आहेत. नर्स रोज येऊन शिरेतून इंजेक्शन देते, चार आठवड्यांपैकी तीन झाले. ताप नाही. पेपर वाचतात, जेवताना सेव मागतात.

आणि आता डॉक्टर म्हणतात, मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी करून घ्या, आत गाठ असू शकते. पुण्याचे दीर म्हणतात, हे बिल वाढवायचे धंदे आहेत, रोग हृदयात आणि दुर्बीण खालून! सोनोग्राफी तर नॉर्मल आहे. सासूबाई म्हणतात, आत्ता कुठे उठून बसलेत, त्यांना छळू नका. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की हा जंतू गाईगुरांच्या पोटात असतो, तेव्हापासून त्यांनी घरातलं गाईचं दूध बंद केलंय आणि बाबांचं ताट-वाटी वेगळं काढलंय. शेजारच्या काकू त्रिफळा द्या म्हणतात, कारण बाबांना वर्षभरापासून अधूनमधून संडासवाटे रक्त पडतं, मूळव्याध असावी. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन ९ का, असं दवाखान्यात विचारलं तेव्हा कळलं.

खरंच या तपासणीची गरज आहे का? सेप्सिसमुळे कॅन्सर होतो का? आणि हे सगळं बाबांना सांगायचं कसं? ते माझ्यासमोर 'पोट साफ झालं नाही' एवढंही म्हणत नाहीत.

— राजेंद्रनगरची सून

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दीर, सासूबाई, काकू, सगळ्यांची मतं सविस्तर लिहिलीत आणि वर्षभर पडणारं रक्त मात्र शेवटाकडे, त्रिफळ्याच्या ओघात आलं. माझ्यासाठी पत्र तिथून सुरू होतं.

आधी उत्तर सांगते, कारण तुम्ही उत्तरासाठी लिहिलंय. कोलोनोस्कोपी करा. कधी करायची ते हृदयाचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतील, पण करायची की नाही हा घरात मतं मोजून सोडवायचा प्रश्न नाही. ज्या डॉक्टरांना झडपेवरचा जंतू बघून आतड्याची आठवण झाली, त्यांनी आपलं काम चोख केलंय. दीरांना हे जरूर वाचून दाखवा.

मी डॉक्टर असले तरी रुग्णांना तपासणारी नाही. माझी नोकरी गेली ती लॅबमध्ये, कल्चरच्या प्लेटा वाचण्यात. त्यामुळे बाबांच्या रिपोर्टवरचं ते लांबलचक नाव मला जुन्या ओळखीच्या माणसासारखं वाटलं. आमच्या तरुणपणी याला स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस म्हणायचे. बोव्हिस म्हणजे गाईचा, कारण गाईगुरांच्या पोटात तो सर्रास राहतो. पुढे जंतूंची बारकाईनं वर्गवारी झाली, या एका नावाखाली अनेक भावंडं निघाली, आणि त्यातल्या एकाला १९९५ साली गॅलोलिटिकस हे नाव मिळालं: गॅलिक आम्लाच्या क्षारांचं विघटन करणारा. तुरट पानं खाऊन जगणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या कोआलाच्या विष्ठेत असे जंतू सापडले होते. तुरटपणा पचवणारा जंतू! गंमत म्हणजे काकूंच्या त्रिफळ्यातल्या हिरड्यात आणि आवळ्यात हेच गॅलिक आम्ल भरपूर असतं. यावरून त्रिफळ्याबद्दल चांगला-वाईट काहीच निष्कर्ष काढू नका, मला आपलं हसू आलं म्हणून सांगितलं.

सासूबाईंना सांगा, दूध उकळून घेता ना, मग खुशाल सुरू करा. ताट-वाटीही परत मांडणीत जाऊ दे. हा आजार एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं लागत नाही. काही धडधाकट माणसांच्या आतड्यातही हा जंतू मुकाट्यानं राहत असतो. आजारपणातून उठलेल्या माणसाचं ताट वेगळं मांडलं की त्याला काय वाटतं, ते मी सांगायला नको.

आता सेप्सिस. आपल्याकडे 'रक्तात विष झालं', 'सेप्टिक झालं' म्हणतात आणि त्यात सगळं एकत्र होतं. रक्तात जंतू सापडणं ही एक गोष्ट. सेप्सिस ही त्यापुढची. जंतूंशी लढताना शरीराचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि त्या झटापटीत मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू असे आपलेच अवयव जखमी होतात, त्याला सेप्सिस म्हणायचं. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून केलेली व्याख्या साधारण हीच आहे. बाबांनी तुम्हाला जाऊबाईंच्या नावानं हाक मारली, ती तापातली बडबड नव्हती. मेंदूला पुरेसं रक्त पोचत नसल्याची खूण होती. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ९० लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात गेले, असा अंदाज आहे. तुमचे बाबा त्यातून उठून सेव मागताहेत. त्या रात्री तुम्ही सकाळची वाट न बघता भरती केलंत, म्हणून.

पण रक्तात जंतू आपोआप उगवत नाहीत. कुठून तरी आत यावे लागतात.

जुन्या इंदुरात, रामबागेकडे किंवा राजवाड्यामागच्या गल्ल्यांत ज्यांचं लहानपण कौलारू घरात गेलं, त्यांना हे चटकन समजेल. पावसात माजघरात थेंब गळायचे, आई खाली पातेलं ठेवायची, आणि वडील वर चढायचे ते माजघराच्या डोक्यावर नाही, तर चांगलं चार हात पलीकडे. कौल तिथं फुटलेलं असायचं. पाणी वाशावरून ओघळत येऊन माजघरात पडायचं. बाबांच्या हृदयाची झडप म्हणजे ते माजघर. इंजेक्शनांनी तिथली ओल वाळतेय, उत्तमच. पण हा जंतू राहतो आतड्यात. तेव्हा कौल कुठं फुटलंय ते आतड्यातच बघायला हवं.

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर धड असतं तोवर अब्जावधी जंतू आतल्या आत राहतात. तिथं गाठ वाढायला लागली, तिच्यावर व्रण पडला की अस्तराला खिंडार पडतं. जंतू तिथून बारीक शिरांमध्ये शिरतात, यकृताकडे जातात. यकृत बहुतेकांना गाळून टाकतं, पण काही निसटतात. गॅलोलिटिकसच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात, ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतात. गाठीच्या उघड्या पडलेल्या जागी कोलॅजन असतं, आणि थोडीशी खरचटलेल्या हृदयाच्या झडपेवरही असतं. म्हणून मुक्काम तिथं. झडपेवर बसून तो महिनाभर बारीक ताप देत राहतो. बाबांचा 'टायफॉइड' बहुधा तोच. आपल्याकडे विडाल नावाची एक तपासणी अर्धवट पॉझिटिव्ह आली की टायफॉइडचा शिक्का बसतो. तिच्यावर माझा जुना राग आहे, पण तो विषय वेगळा.

आतड्याचा कॅन्सर आणि या जंतूची जोडी कुणी आज काढलेली नाही. १९५१ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी झडपेचा जंतुसंसर्ग आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर एकाच रुग्णात असल्याची नोंद केली. पुढची पंचवीसएक वर्षं तिकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९७७ मध्ये एका अभ्यासात मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या ६३ जणांची विष्ठा तपासली, त्यांतल्या ३५ जणांत बोव्हिस सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांत तो फक्त ११ जणांत होता. त्यानंतर नियमच झाला, की रक्तात हा जंतू आला तर रुग्णाला आतडं बघितल्याशिवाय सोडायचं नाही. झडपेवर गॅलोलिटिकस सापडलेल्यांची कोलोनोस्कोपी केली तर किती जणांत काहीतरी निघतं, याचे आकडे अभ्यासागणिक बरेच बदलतात, पण बऱ्याच ठिकाणी ते निम्म्याच्या आसपास किंवा वर आहेत. घाबरू नका, त्यांत पॉलिपचा वाटा मोठा असतो. पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवलेला कोंब. सगळे पॉलिप कॅन्सर होत नाहीत. जे होतात त्यांना साधारण दहा वर्षं लागतात, आणि तोवर ते त्याच दुर्बिणीतून, तिथल्या तिथं काढून टाकता येतात.

असाच आणखी एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम. तो कमी दिसतो पण फार जहाल. तोही रक्तात सापडला की आतड्याच्या, विशेषतः उजव्या बाजूच्या, गाठीचा संशय घ्यायचा असतो. म्हणून कुणाचाही कल्चर रिपोर्ट आला की 'जंतू निघाला, औषध चालू आहे' एवढ्यावर थांबू नका. जंतूचं पूर्ण नाव वहीत उतरवून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, हा आला कुठून?

हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. एका साठीच्या बाईंच्या रक्तात मला बोव्हिस मिळाला. दोन्ही बाटल्यांत, अगदी स्वच्छ वाढ. मी नाव लिहिलं, कोणतं औषध चालेल ते लिहिलं, सही केली, रिपोर्ट वॉर्डात गेला. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. दोन वर्षांनी त्या परत आल्या त्या पोट फुगून, आतडं पूर्ण बंद होऊन. रात्रीतून ऑपरेशन झालं, मोठी गाठ निघाली. जुनी फाइल चाळताना माझी सही असलेला तो कागद शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांच्या हाती लागला. ते मला काही बोलले नाहीत. वॉर्डातल्या कुणालाही मी तेव्हा फोन केला नव्हता; पुस्तकात वाचलेलं होतं, तरी केला नव्हता. त्यानंतर असा जंतू दिसला की आधी फोन, मग सही.

तुमचा दुसरा प्रश्न: सेप्सिसमुळे कॅन्सर होतो का? बाबांच्या बाबतीत सरळ उत्तर, नाही. गाठ असेलच तर ती त्या रात्रीच्या कितीतरी आधीपासून आहे. महिन्या-दोन महिन्यांच्या तापानं आतड्यात गाठ उगवत नाही. खोलात जायचं तर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर असं दिसलंय की हा जंतू गाठीच्या पेशींच्या वाढीला हातभार लावतो. दुसरीकडे असंही दिसलंय की गाठ असलेल्या आतड्यातलं वातावरणच त्याला मानवतं, तिथं तो शेजारच्या जंतूंना मारून जागा बळकावतो. थोडक्यात, एकमेकांना धरून वाढणारी जोडी. पण तुम्हाला आज घ्यायच्या निर्णयात यानं काडीचाही फरक पडत नाही.

आता घरच्यांचे आक्षेप. सोनोग्राफी नॉर्मल आहे, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आतड्यात हवा असते आणि सोनोग्राफीला हवेपलीकडचं दिसत नाही. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांसाठी ती छान, आतड्याच्या आतल्या कोंबासाठी निरुपयोगी. मूळव्याधीचं म्हणाल, तर असेलही. पण मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला एकाच वेळी असायला कुणाची बंदी नाही. किंबहुना मूळव्याध दिसली की माणूस वर बघायचं सोडून देतो, हाच तिचा सगळ्यात मोठा तोटा. साठी ओलांडलेल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ९ आहे. झडपेच्या दुखण्यानंही ते उतरतं, हे खरं. पण सोबत वर्षभर रक्त पडत असेल तर झडपेवर खापर फोडून मोकळं होता येणार नाही. त्रिफळा सध्या राहू दे. एक तर तपासणीआधी पोटात काय जातंय ते डॉक्टरांना माहीत असायला हवं, आणि दुसरं, त्यानं पोट साफ होऊन बाबांना बरं वाटलं तर तपासणी आणखी सहा महिने लांबेल.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. सेप्सिसमधून उठलेला माणूस वरून बरा दिसतो, पण आतून अनेक महिने थकलेला असतो. पायात जोर नसतो, झोप तुटते, नावं आठवत नाहीत, चिडचिड होते. तेव्हा 'उद्याच करा' असं मीही म्हणत नाही. इंजेक्शनांचा कोर्स चालू असताना करायची की संपल्यावर, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं काय करायचं, मूत्रपिंडाला मार बसला असेल तर पोट साफ करायचं औषध कोणतं द्यायचं, हे सगळं डॉक्टरांना एका कागदावर लिहून विचारा. लांबणीवर टाकायचं तर तारीख ठरवून टाका. 'दिवाळीनंतर बघू' ही तारीख नव्हे. आणि पुण्याला नेऊन करायची म्हणत असाल तर अजिबात गरज नाही; ही तपासणी इंदुरात वर्षानुवर्षं होतेय.

तपासणी स्वतः अर्ध्या-पाऊण तासाची. गुंगीचं औषध देतात, बहुतेकांना नंतर काही आठवतही नाही. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण साध्या तपासणीत हजारात एक किंवा त्याहून कमी. खरा त्रास आदल्या दिवशीचा आहे. त्याची तयारी तुमच्याकडे येणार, म्हणून सांगते. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं, चोथा बंद: पेरू, अंजीर, तीळ, मेथी, भुट्ट्याचा कीस, सगळं. मऊ भात, मुगाचं वरण गाळून, दही चालतं. लोहाची गोळी चालू असेल तर ती साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण तिनं मळ काळा होतो आणि दुर्बिणीला काही दिसत नाही. आदल्या दिवशी फक्त पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, दुधाशिवाय चहा. लाल किंवा जांभळं सरबत नको, आत ते रक्तासारखं दिसतं. मग पावडर घातलेलं दोन-तीन लिटर पाणी थोडं थोडं करून संपवायचं. सांगितलं असेल तर निम्मं रात्री आणि निम्मं पहाटे. फ्रिजमध्ये गार केलं तर घशाखाली नीट उतरतं. संडासात उजेड ठेवा, पायाखाली कोरडं पायपुसणं टाका आणि रात्री कुणीतरी जागं राहा. अशक्त माणूस त्या फेऱ्यांमध्ये घसरून पडतो. मधुमेहाचं औषध चालू असेल तर त्या दिवशीचा डोस आधी विचारून घ्या. सेव दोन दिवस डब्यात कुलूपबंद. हे बाबांना सगळ्यात जड जाणार, पण इंदुरी माणसाला सेवेवाचून दोन दिवस जगता येतं, मी पाहिलंय.

काही निघालं नाही तर देवाचे आभार माना, आणि पुन्हा कधी बघायचं ते विचारून ठेवा. हा जंतू सापडलेल्या काही जणांत गाठ नंतरही निघालेली आहे. पॉलिप निघाला तर बहुधा तिथंच काढला जाईल. आणि गाठ कॅन्सरची निघाली, तर तुमच्या प्रश्नाची उलटी बाजू सुरू होते: कॅन्सरच्या रुग्णाला सेप्सिस कधी होतो. ती तुम्हाला आत्ताच माहीत असावी.

तिथं दोन वेळा जपायच्या असतात. पहिली ऑपरेशननंतरची. आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडतात. जोड सुटला तर तो बहुतेकदा पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास कळून येतो. म्हणजे नेमकं घरी सोडायच्या बेतात असताना. ताप, नाडी जोरात, पोट फुगणं, गॅस न सरणं, वाढत जाणारी कळ, किंवा नुसतं 'आज काहीतरी बरं वाटत नाही' असं रुग्णानं म्हणणं. हे शेवटचं वाक्य हलकं घेऊ नका. दुसरी वेळ किमोची. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि एरवी निरुपद्रवी असणारे आतड्यातलेच जंतू रक्तात शिरतात. घरात चांगला थर्मामीटर ठेवा. पारा १००.४ वर गेला की तो 'व्हायरल' नाही. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं, 'किमो चालू आहे, ताप आलाय.' अशा वेळी प्रतिजैविक तासाभराच्या आत सुरू व्हावं लागतं. त्या दिवसांत एनिमा किंवा गुदद्वारातून देण्याची औषधं मनानं देऊ नका, तिथली छोटी जखमही पुरते.

कॅन्सर निघो न निघो, पुढच्या काही महिन्यांत बाबांचा श्वास भरभर चालायला लागला, मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त, वरचं बीपी १०० किंवा त्याखाली आलं, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले किंवा पुन्हा कुणाला तरी भलत्याच नावानं हाक मारली, तर १०८ ला फोन. म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नाही. अंग उलट गारही पडतं.

राहिला बाबांचा प्रश्न. सगळ्यात अवघड हाच, आणि याचं उत्तर कुठल्या प्लेटवर उगवत नाही. माझं मत विचाराल तर त्यांच्यापासून लपवू नका. 'जरा पोट बघायचंय' म्हणून घेऊन जाल आणि दवाखान्यात एखादा वॉर्डबॉय मोठ्यानं 'कॅन्सरवाली जांच' म्हणेल, तेव्हा त्यांना कॅन्सरपेक्षा तुमचं लपवणं जास्त लागेल. बँकेत आयुष्य काढलेला माणूस आहे. हिशेबात एक रक्कम जुळत नसली की रात्री उशिरापर्यंत बसून शोधलेली असेल त्यांनी. तीच भाषा वापरा: जंतू खात्यात जमा झालेला दिसतोय, आला कुठल्या काउंटरवरून ते सापडत नाहीये, ते शोधायचंय. 'गाठ असू शकते, नसूही शकते, असली तर आत्ता बघितलेली बरी,' एवढं स्पष्ट सांगावं. हे बोलायचं काम मात्र तुमचं नव्हे. जो माणूस वर्षभर रक्त पडतंय हे बायकोलाही सांगत नाही, त्याला सुनेसमोर या विषयावर मान वर करता येणार नाही. तुमच्या यजमानांना बोलू द्या, शक्यतो सकाळी फिरायला गेल्यावर, शेजारी शेजारी चालताना, म्हणजे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. तुम्ही रिपोर्टांची फाइल, पथ्य आणि तारखा सांभाळा. तेवढंही पुष्कळ आहे.

आणि पुण्याच्या भाऊजींसाठी एक निरोप. वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा मोठा, बिघडलेला पॉलिप निघाला, तर मुलांनी चाळिशीत, किंवा वडिलांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा स्वतःची कोलोनोस्कोपी करून घ्यावी असं सांगतात. त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण बाबा ६८ चे म्हणजे थोरले चिरंजीव चाळिशी ओलांडून बसले असणार. बाबांचा रिपोर्ट आला की त्याची एक प्रत त्यांना पाठवा.